स्वभाव तपासण्याआधी साखर तपासा

पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्याच्या पत्त्यावर एका भगिनीचे चार पानी पत्र आले. पत्राखाली नाव होते आणि नावाखाली "कृपया छापू नये" असे दोनदा लिहिलेले होते. नाव छापण्याचा प्रश्नच नाही. गाव, वय व इतर खुणाही मी बदलल्या आहेत. मात्र प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही, म्हणून उत्तर या सदरातून देत आहे.

त्यांचे यजमान अठ्ठेचाळीस वर्षांचे. मुंबईत नोकरी, महिन्या-दोन महिन्यांनी खेडला घरी येणे. गेल्या दीड वर्षापासून पतिपत्नीचे संबंध जवळजवळ बंद पडले आहेत. इच्छा आहे, पण शरीर साथ देत नाही. बाईंनी धीर दिला, तेव्हा यजमान मुंबईत एका ठिकाणी दाखवायला गेले. तेथे त्यांच्याकडून काहीशे विधानांचा एक कागद भरून घेतला. प्रत्येक विधानापुढे "बरोबर" किंवा "चूक" अशी खूण करायची. आठ दिवसांनी अहवाल हाती आला : व्यक्तिमत्त्व चिंताग्रस्त, भावनिक स्थैर्य कमी, दोष मानसिक स्वरूपाचा असण्याची शक्यता अधिक.

बाई पुढे लिहितात, "पंचवीस वर्षे मी यांच्याबरोबर संसार केला. हे असे नव्हते. आता सासूबाई म्हणतात, याच्या मनात दुसरी कोणी असेल, नाहीतर तुझ्यातच काही कमी असेल. डॉक्टर, कागदावर खुणा करून माणसाचे हे कळते का?"

माझे उत्तर स्पष्ट आहे. कळत नाही. निदान एवढे तरी खात्रीने कळत नाही, की त्यावर एखाद्या माणसाच्या माथी शिक्का मारावा. मी ते पत्र दोनदा वाचले. चार पानांत एका गोष्टीचा उल्लेख कुठेच सापडला नाही. यजमानांच्या रक्तातील साखर कोणी तपासली होती का?

माझीच एक चूक

दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी माझी चूक सांगतो. सुमारे बावीस वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे आले. वय सेहेचाळीस. त्या दिवशी ते सर्वांत शेवटी थांबले. आधी पित्ताची तक्रार सांगितली, गोळ्या लिहून घेतल्या, उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं." जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे वाक्य ओळखीचे आहे. खरा आजार बहुधा या वाक्यानंतर सुरू होतो.

गुरुजींची तक्रार तीच होती. माणूस स्वभावाने हळवा, शाळेतल्या बदलीच्या काळजीत असलेला. मी त्यांना बाहेरगावी एका तज्ज्ञांकडे पाठवले. तेथेही अशीच प्रश्नावली झाली आणि असाच अहवाल आला. माझे मत आधीच बनले होते, अहवालाने त्यावर मोहोर उमटवली. "गुरुजी, मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका," असे सांगून मी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. पुन्हा त्या तक्रारीसाठी ते माझ्याकडे आले नाहीत. मला वाटले, बरे झाले असावेत.

तीन वर्षांनी ते आले ते पायाला चिंधी बांधून. चपलेचा अंगठा लागून झालेली जखम दीड महिना भरत नव्हती. साखर तपासली, ती तीनशेच्या वर निघाली. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम सुरू झालेला होता. म्हणजे मधुमेह काल-परवाचा नव्हता, कित्येक वर्षांचा होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या शरीराने जी तक्रार केली होती ती मधुमेहाची पहिली हाक असणार, आणि ती मी ऐकली नव्हती. त्या वेळी रक्ताची एक साधी तपासणी केली असती तर त्यांची तीन वर्षे वाया गेली नसती. गुरुजी मात्र रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, मी वेडा नव्हतो तर."

हे वाक्य मी विसरलो नाही. आपल्या जिल्ह्यात "त्याला रत्नागिरीला पाठवा" या शब्दांचा अर्थ लहान मुलालाही कळतो, कारण १८८६ सालापासून मनोरुग्णालय रत्नागिरीत आहे. अशा जिल्ह्यात एखाद्या पुरुषाला "तुमचा दोष मानसिक आहे" असे सांगितले, की तो काय ऐकतो याचा विचार आम्ही डॉक्टर मंडळी करत नाही.

ही चाचणी आली कोठून?

व्यक्तिमत्त्व चाचण्या अनेक आहेत. त्यांतली सर्वांत गाजलेली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातली. स्टार्क हॅथवे हे मानसशास्त्रज्ञ आणि जे. सी. मॅकिन्ले हे डॉक्टर, या दोघांनी तयार केलेली ही चाचणी १९४३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात साडेपाचशे विधाने होती. उत्तरांवरून नैराश्य, संशयीपणा, शरीराची अवाजवी काळजी अशा निरनिराळ्या पट्ट्यांवर गुण काढले जात. मनोरुग्णालयातील निदानाला मदत व्हावी, हा तिचा मूळ उद्देश होता आणि त्या कामात तिचा उपयोगही झाला. १९८९ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती निघाली.

पुरुषांच्या लैंगिक तक्रारीशी तिचा संबंध जोडला गेला तो काहीसा नंतर. निरोगी पुरुषाला रात्री झोपेत, स्वप्नांच्या अवस्थेत, तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. त्या वेळी मन पहाऱ्यावर नसते. म्हणून झोपेत ताठरता येत असेल तर नसा व रक्तवाहिन्या ठीक आहेत आणि अडचण जागेपणीची, म्हणजे मनाची आहे, असा तर्क निघाला. पण त्यासाठी झोपेच्या प्रयोगशाळेत रात्री काढाव्या लागत आणि खर्च मोठा येई. मग १९७५ साली लॅरी ब्युटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला, की झोपेच्या नोंदीऐवजी मिनेसोटा चाचणीच्या गुणांवरूनच दोष मनाचा की शरीराचा हे ओळखता येईल. त्यासाठी त्यांनी एक नियमही सुचवला. कल्पना आकर्षक होती. एक कागद, एक पेन्सिल, तासा-दीड तासात निकाल.

मात्र इतर डॉक्टरांनी तो नियम आपापल्या रुग्णांवर लावून पाहिला, तेव्हा तो टिकला नाही. ज्यांच्या नसा मधुमेहाने खराब झाल्या होत्या असे रुग्ण "मानसिक" ठरू लागले आणि ज्यांचे शरीर ठणठणीत होते ते "शारीरिक". ज्या कसोटीवर सोने आणि पितळ सारखेच उमटते, ती कसोटी सोनाराने गल्ल्यात ठेवून काय उपयोग?

ओल आधी की पूर आधी?

असे का व्हावे? कारण अगदी साधे आहे, आणि खेडच्या माणसाला ते समजायला जड जाऊ नये.

जगबुडीला पूर येतो तेव्हा बाजारपेठेतल्या घरांच्या भिंती ओल्या होतात. २०२१ च्या जुलैमधला पूर आपण विसरलेलो नाही. पूर ओसरल्यावर एखाद्या पाहुण्याने भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "या घराला ओल आहे, म्हणून पूर आला", तर आपण त्याला हसू. पण दीड-दोन वर्षे ही तक्रार सोसलेल्या पुरुषाच्या हाती प्रश्नावली देऊन आम्ही नेमके हेच करतो. झोप नीट लागते का? नाही. स्वतःविषयी समाधान वाटते का? नाही. लोक आपल्याविषयी बोलतात असे वाटते का? हो, वाटते. अशी उत्तरे येणारच. जो पुरुष शनिवारी घरी जाताना गाडीतच घाबरतो, बायकोच्या नजरेला नजर देत नाही, तो चिंताग्रस्त नसेल तर कोण असेल? चाचणी त्याची चिंता मोजते आणि ते मोजमाप चुकीचे नसते. परंतु चिंतेमुळे तक्रार आली की तक्रारीमुळे चिंता आली, हे तिला सांगता येत नाही. मधुमेहाने नस सुकलेला माणूसही चिंताग्रस्त असतो आणि निरोगी शरीराचा नवरदेवही. दोघांचा कागद सारखाच दिसतो.

दुसरी अडचण परक्या मापाची. "सामान्य माणूस" कसा उत्तर देतो हे ठरवण्यासाठी मूळ चाचणीत प्रामुख्याने मिनेसोटातल्या रुग्णालयात नातेवाइकांना भेटायला आलेल्या गोऱ्या मंडळींची उत्तरे घेतली होती. त्या मापाने आपल्याकडचा माणूस मोजला तर काय होईल? भूतपिशाच्चाची बाधा होण्याविषयीचे विधान त्या चाचणीत होते. तिकडे त्याला "बरोबर" म्हणणे ही मनोविकाराची खूण. आपल्याकडे ग्रामदेवतेचा कौल घेणारा, राखणदाराला नारळ देणारा माणूस अशा विधानाला काय उत्तर देईल? त्या चाचणीत पुरुषी की बायकी आवडी हे मोजणारीही एक पट्टी आहे आणि १९७५ च्या त्या नियमात तिला मोठे स्थान होते. फुले आवडणे वगैरे गोष्टी त्या पट्टीवर बायकी बाजूला मोजल्या जात. आमच्या नमन-खेळ्यांत वर्षानुवर्षे गौळणी होऊन नाचणारे पुरुष दिवसा नांगर धरतात आणि घरी चार मुलांचे बाप असतात. त्यांना ही पट्टी लावून पाहावी!

आणि आपल्याकडची जी खरी भीती आहे, तिचा त्या चाचणीत पत्ताच नाही. लघवीतून किंवा स्वप्नात धातू गेली की अंगातली शक्ती जाते, या समजापायी आपल्याकडची तरुण मुले खंगतात. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या प्रकाराला "धात सिंड्रोम" असे नाव दिले. मिनेसोटाच्या साडेपाचशे विधानांना हे कसे माहीत असणार?

शरीराचा हिशोब

ताठरता म्हणजे शेवटी रक्ताचा खेळ आहे. मेंदूकडून नसांमार्फत निरोप जातो, नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायुरूप पदार्थ तयार होतो, रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त भरते. या पदार्थाचे रक्ताभिसरणातील काम शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सिल्डेनाफिल ही गोळी अमेरिकेत बाजारात येण्यास मान्यता मिळाली. ती मुळात हृदयाच्या आजारासाठी तपासली जात होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कारण हृदयाचा येथे जवळचा संबंध आहे. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या तीन ते चार. आतून चरबीचा थर बसू लागला, की अरुंद नळी आधी तुंबते. नळाला पाणी कमी येऊ लागले तर शहाणा माणूस टाकी आणि पाइप पाहतो, नळाला दोष देत बसत नाही. चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषात ही तक्रार दिसली तर ती पुढच्या दोन ते पाच वर्षांत येऊ शकणाऱ्या हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते, असे आता हृदयरोगतज्ज्ञही मानतात. अशा माणसाला "मनाचे आहे" सांगून घरी पाठवणे म्हणजे काशेडी घाटात ब्रेक आवाज करत असताना गाडीचा रेडिओ मोठा करण्यासारखे आहे.

ही तक्रार किती पुरुषांना असते? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली, ती १९९४ साली प्रसिद्ध झाली. ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होता. पूर्ण दोष असलेले सर्वांत मिळून दहा टक्क्यांच्या आत होते, पण मधुमेहाचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते. मधुमेहाखेरीज उच्च रक्तदाब, तंबाखू, दारू, पाठीच्या कण्याची दुखापत, पुरुषी संप्रेरकाची कमतरता ही इतर कारणे. रक्तदाबाच्या व नैराश्याच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. म्हणून रुग्णाची गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून पाहणे ही माझ्या मते कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा मोठी तपासणी आहे. आणि गुटख्यावर २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी असली तरी तो कोणाच्या खिशात नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग मनाचे काहीच नाही का?

असे मी मुळीच म्हणत नाही. एक दुसरी गोष्ट सांगतो. शिमग्याला पालखी नाचवायला आलेला सव्वीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. मे महिन्यात लग्न झालेले. दहा महिने झाले, संबंध जमलेच नाहीत. मुंबईत तंबूवाल्या वैद्याला पैसे देऊन झाले, रक्तवाहिन्यांच्या महागड्या तपासण्याही झाल्या. सगळे नॉर्मल. त्याला वाटत होते, आपल्याला काहीतरी असाध्य आहे.

मी त्याला तीन प्रश्न विचारले. सकाळी उठताना ताठरता असते का? तक्रार एकदम सुरू झाली की हळूहळू वाढत गेली? प्रत्येक वेळी असते की ठरावीक वेळीच? तो म्हणाला, "सकाळी असते, डॉक्टर. एकटा असलो की पण काय अडचण नाही." मग मी चौथा प्रश्न विचारला, "झोपता कुठे?" मुलगा खाली पाहू लागला. दहा बाय बाराची खोली. आई-वडील, धाकटा भाऊ आणि हे दोघे. मध्ये एक पडदा.

भीती वाटली की शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते आणि ते रक्तवाहिन्या आवळते. वाघ मागे लागला असताना शरीराला शृंगार सुचत नाही, ही निसर्गाची योजनाच आहे. आईला चाहूल लागेल ही भीती वाघापेक्षा कमी नसते. एकदा फसले की पुढच्या वेळी "आज जमेल ना?" ही परीक्षा सुरू होते आणि परीक्षेतच विद्यार्थी नापास होतो. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० मध्ये हे सविस्तर दाखवून दिले आणि त्यावर सोपा उपायही सांगितला. काही आठवडे संबंधांवर पूर्ण बंदी, फक्त सहवास व स्पर्श, परीक्षा नाही. मी त्या जोडप्याला मे महिन्यात गावच्या घरी पंधरा दिवस राहायला सांगितले आणि ती बंदी घातली. बंदी आठव्या दिवशीच मोडली, असे त्याने नंतर लाजत सांगितले.

दोष मनाचाच होता. पण तो कळला तो बोलण्यातून. "तुमच्या खोलीत आणखी किती माणसे झोपतात?" हा प्रश्न कोणत्या व्यक्तिमत्त्व चाचणीत आहे?

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

चाचणीच्या बाजूने दोन गोष्टी बोलल्या जातात आणि त्या प्रामाणिकपणे मांडायला हव्यात. पहिली, लाजाळू माणूस जे तोंडाने सांगत नाही त्याची खूण कागदावर करतो. हे खरे आहे. विशेषतः नैराश्य असे पुष्कळदा पकडले जाते आणि नैराश्य हे या तक्रारीचे एक खरे कारण आहे. त्यावर उपचार व्हायलाच हवेत. दुसरी, शारीरिक दोष असलेल्यालाही मनाचा आधार लागतो. हेही खरे. पन्नाशीच्या बहुतेक रुग्णांत शरीर आणि मन दोन्ही गुंतलेले असतात. थोडा दोष शरीराचा, त्यावर चढलेली भीती मनाची.

म्हणून माझा विरोध मानसशास्त्राला नाही, मानसोपचारतज्ज्ञांना तर नाहीच. तज्ज्ञाने रुग्णाशी बोलून, शारीरिक तपासण्या पुढ्यात ठेवून, प्रश्नावली हे एक साधन म्हणून वापरले तर मी त्याचे स्वागतच करीन. माझा आक्षेप आहे तो प्रश्नावलीला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवण्याला. पुढचा प्रश्न काय विचारावा हे ती सुचवू शकते. निकाल देण्याचे काम तिचे नाही.

आणि निकालाचा कागद घरात आला की तो कोणाच्या हाती लागेल याचा नेम नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्वामुळे संबंध न आल्यास विवाह रद्द करून घेण्याची तरतूद आहे. अशा वादात प्रत्येक कागद हत्यार होतो. बाईंच्या पत्रात तो कागद सासूबाईंनी हत्यार केला आहे आणि घाव सुनेला बसला आहे. मानसिक आरोग्याविषयीची माहिती गुप्त ठेवली जाणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. कागद हातात देताना हे किती जणांना समजावले जाते?

"नपुंसक" हा शब्दही आता सोडून द्यावा. १९९२ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने हेच सुचवले होते. तो शब्द दोषाचे नाही, माणसाचेच वर्णन करतो. ताठरतेचा दोष म्हणावे. डोळ्याला नंबर लागतो, तसा हा दोष.

तीन शेजारचे तालुके

या विषयावर वर्तमानपत्रात लिहू नये, असे म्हणणारेही मला भेटतात. त्यांना मी आपल्याच मातीची आठवण देतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली आपल्या खेड तालुक्यातील शेरवलीचा. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव १८८२ मध्ये दापोली तालुक्यातील मुरुडला जन्मले. रघुनाथरावांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, "समाजस्वास्थ्य" मासिक चालवले आणि वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे दिली. त्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. खटला हरला, रघुनाथरावांना दंड भरावा लागला. पण प्रश्न विचारणे यात अश्लील काय, हा त्या दोघांचा सवाल आजही उभा आहे. खेड, दापोली, मंडणगड हे शेजारचे तालुके. त्या मुलखातल्या माणसाने आज दवाखान्याच्या दारातून परत फिरून "आणखी एक विचारायचं होतं" असे पुटपुटावे लागावे, हे आम्हा डॉक्टरांचे अपयश आहे.

रुग्ण आमच्याकडे मोकळेपणाने येत नाही, म्हणून तो भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीकडे जातो. खरे तर लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही त्या जाहिराती दिसतात.

काय करावे?

ज्यांना हा त्रास आहे त्यांनी पुढील क्रम पाळावा.

१. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि तक्रार पहिल्याच वाक्यात सांगावी. पित्ताचे निमित्त करू नये.

२. उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर, शक्य असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासावे. साखर व रक्तदाबासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. कळंबणीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र पुरे. इच्छाच कमी झाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुरुषी संप्रेरकाची तपासणी करावी. तिचा नमुना सकाळी द्यायचा असतो.

३. चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. पण संशयावरून रक्तदाबाची गोळी स्वतःच बंद करू नये.

४. सकाळची ताठरता असते का, हे आठ-पंधरा दिवस लक्षात ठेवून सांगावे. उत्तर "हो" असेल तर बराचसा दिलासा आहे.

५. मित्राने दिलेली निळी गोळी परस्पर घेऊ नये. हृदयासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या किंवा नायट्रेटची इतर औषधे घेणाऱ्या रुग्णाने तर ती कधीच घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

६. हे सर्व झाल्यावर, मन उदास असेल, झोप उडाली असेल किंवा पतिपत्नींत अबोला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावे, आणि शक्यतो दोघांनी मिळून. त्यांनी प्रश्नावली दिली तर ती मोकळ्या मनाने भरावी. अहवाल मात्र डॉक्टरांकडून समजून घ्यावा आणि घरात कपाटावर ठेवू नये.

आता त्या भगिनींसाठी दोन शब्द. बाई, तुमच्यात काही कमी नाही आणि तुमच्या यजमानांचा स्वभावही दीड वर्षात बदललेला नसावा. पत्रात तुम्ही सहज एक वाक्य लिहिले आहे, की हल्ली यांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते आणि तहानही फार लागते. हे वाक्य त्या अहवालात नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या चार पानांत सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. त्यांना तपासणीला घेऊन या. गणपतीला येतील तेव्हा पाहू, असे करू नका. याच शनिवारी बोलवा आणि येताना रात्रीच्या जेवणानंतर काही खाऊ नका, एवढे सांगा.